वेषांतर एकटीचं असतं, वेषबदल सगळ्यांचा

आपल्या एखाद्या मुलाने शहरात गेल्यावर आडनाव बदललं, किंवा एखाद्या मुलीने भाड्याच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावला नाही, की आपल्याकडे लगेच निकाल लागतो. ‘बापाचं नाव सांगायला लाज वाटते यांना.’ मग व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा उद्धार होतो. चार टाळ्यांचे इमोजी येतात आणि विषय संपतो. त्या मुलीला खोली कोणी नाकारली होती, हे कोणी विचारत नाही. ती खोली गेली असती तर रात्री ती कुठे झोपली असती, हेही नाही.

हा लेख त्या निकालाच्या विरोधात आहे. त्यासाठी मी एका परदेशी चित्रपटाचा आधार घेणार आहे. तो जातीवर नाही, त्यात आपलं कोणी नाही. तरीही लपून जगण्याची किंमत काय असते, हे त्याने जितकं नेमकं दाखवलंय तितकं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

चित्रपटाचं नाव ‘अल्बर्ट नॉब्स’, साल २०११, दिग्दर्शक रॉड्रिगो गार्सिया. मूळ कथा जॉर्ज मूर या आयरिश लेखकाची, १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेली. ग्लेन क्लोज या अभिनेत्रीने १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ही भूमिका केली आणि जवळजवळ तीस वर्षांनी स्वतः पटकथालेखनात भाग घेऊन ती पडद्यावर आणली.

काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, शहर डब्लिन. एका हॉटेलात अल्बर्ट नॉब्स नावाचा वेटर आहे. टापटीप, कमी बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गिऱ्हाईक त्याला बक्षिशी देतात आणि विसरून जातात. हा अल्बर्ट म्हणजे बाई आहे. अनौरस म्हणून जन्मली, दुसऱ्या बाईने सांभाळली, ती बाई गेल्यावर निराधार झाली. पोरवयातच पुरुषांच्या टोळक्याने तिच्यावर अत्याचार केला. पुढे एका ठिकाणी वेटर हवेत असं कळलं. तिने पुरुषाचा सूट मिळवला, घातला आणि कामावर लागली. त्यानंतर तो सूट उतरलाच नाही. खोलीतल्या फरशीखालच्या फळीत ती एकेक नाणं साठवते आणि रोज रात्री मोजते. स्वप्न एकच, तंबाखूचं छोटं दुकान टाकायचं. स्वतःचं दार, स्वतःचा गल्ला.

आमच्या वस्तीतल्या विहारात एका रविवारी वंदनेनंतर आम्ही हा चित्रपट लॅपटॉपवरून भिंतीवर दाखवला. कॉलेजची मुलं-मुली होती, धुणीभांडी करणाऱ्या चार-पाच ताई होत्या. मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होते. संपल्यावर पहिली प्रतिक्रिया एका कार्यकर्त्या पोराची होती: “ताई, ही बाई लढलीच नाही. आयुष्यभर लपून राहिली. यातून आपण काय घ्यायचं?” त्यावर घरकाम करणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, “बाबा, पोट भरलं तिनं. कुणाच्या हाताखाली निजली नाही. ते काय कमी हाय का?”

दोघांचंही म्हणणं मला अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी मावशींच्या बाजूने. अल्बर्टने लपण्याची आवड म्हणून वेष घेतला नव्हता. गरीब, निराधार बाईसाठी त्या शहरात जी दारं उघडी होती त्यातली बरीचशी तिच्या शरीरापाशी येऊन थांबत होती. सुटाने तिला दोन गोष्टी दिल्या: पुरुषाचा पगार आणि रात्रीची झोप. ज्या व्यवस्थेत या दोन गोष्टींसाठी माणसाला स्वतःचं नाव द्यावं लागतं, तिथे दोष नाव देणाऱ्याचा की मागणाऱ्याचा? आपण कायम पहिल्याला पकडतो, कारण तो हाताशी असतो.

आणि लपून राहणं हे काही सोपं काम नाही. इंग्रजीत ‘मी जाते’ आणि ‘मी जातो’ एकच. तिथे अल्बर्टला क्रियापद सांभाळावं लागत नव्हतं. हीच गोष्ट मराठीत घडली असती तर तिला प्रत्येक वाक्याच्या शेवटी पहारा ठेवावा लागला असता. जातीच्या बाबतीत आपल्याकडे हा पहारा आजही आहे. ‘पानी’ म्हटलं की समोरच्याची भुवई वर जाते. ‘पाणी’ म्हणायला शिकलेली मुलगी मुलाखतीत बसते तेव्हा तिचं निम्मं लक्ष उत्तरावर असतं आणि निम्मं ‘ण’वर. गाव कुठलं, देव कुठला, लग्नं कुठल्या पद्धतीने लागतात, मांसाहार चालतो का, १४ एप्रिलला सुट्टी कशाला हवी, एवढ्या सगळ्या दारांवर तिला एकटीने उभं राहावं लागतं. वर्गात हुशार असलेल्या मुली कार्यालयात अबोल का होतात, याचं एक कारण मला इथे दिसतं.

एम.ए. करत असताना मी आणि माझी एक मैत्रीण खोली शोधत फिरलो होतो. एका घरमालकिणीने खोली दाखवली, भाडं ठरलं, मग माझं आडनाव विचारलं आणि “मिस्टरांना विचारून कळवते” म्हणाली. तो फोन कधी आला नाही. मैत्रिणीने पुढच्या ठिकाणी एकटीने जाऊन वेगळं आडनाव सांगितलं आणि तिला खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो तिने कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवला होता. सकाळी कपाट उघडायची, क्षणभर उभी राहायची, पुन्हा बंद करायची. १४ एप्रिलला पांढरी साडी पिशवीत घालून बाहेर पडायची आणि दुसऱ्या एका मैत्रिणीच्या घरी नेसायची. मालकिणीला सांगायची, मावशीकडे बारसं आहे. तिचा अभ्यास पूर्ण झाला, ती आज चांगल्या नोकरीत आहे. तिला पळपुटी म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे: तुमच्यापैकी किती जणांच्या घरात तेव्हा तिच्यासाठी एक खाट रिकामी होती?

ज्यांना हा प्रश्न भावनिक वाटतो त्यांनी बाबासाहेबांचंच आत्मकथनपर लेखन उघडावं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं, पण त्यातली एक गोष्ट आपण घाईने ओलांडतो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमध्ये पुढचं शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी ते पारशांच्या एका पथिकाश्रमात गेले. तिथल्या रखवालदाराने पाहिलं की अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही, म्हणजे हा माणूस पारशी नाही. तरी त्यालाही पैशांची गरज होती. तडजोड निघाली: रजिस्टरात पारशी नाव लिहायचं आणि राहायचं. बाबासाहेब तिथे पारशी म्हणून राहिले. वरचा मजला, वीज नाही, सोबतीला माणूस नाही, फक्त पुस्तकं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगितलं. एका हिंदू मित्राला आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारून झालं. दोघांकडेही जागा निघाली नाही. मग बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई. त्या बागेजवळच्या संकल्पभूमीवर आपण दरवर्षी २३ सप्टेंबरला जातो.

संकल्प आपल्याला आठवतो. त्याच्या आधीचे दहा दिवस आपण विसरतो. त्या दहा दिवसांत बाबासाहेब वेषांतरात होते. विद्वत्ता होती, सूटबूट होता, नोकरीचा हुकूम होता, आणि ते पुरुष होते. अल्बर्टला पुरुषाचा सूट घातल्यावर एक आख्खं हॉटेल उघडलं. इथे सूट, पदवी आणि पुरुषपण तिन्ही असून एक खोली उघडत नव्हती. लिंगाची भिंत आणि जातीची भिंत यांतला फरक समजून घ्यायला मला समाजशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाने इतकी मदत केली नाही. आणि दलित बाईपुढे या दोन्ही भिंती एकापुढे एक उभ्या असतात. तिने पुरुषाचा वेष घेतला तरी ती फक्त दलित पुरुष होईल. एक भिंत ओलांडून दुसऱ्या भिंतीला डोकं लागेल.

म्हणून पहिली गोष्ट ही, की लपणाऱ्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्याचं छप्पर पणाला लागलेलं आहे त्याला तर नाहीच नाही. स्वतःचा फ्लॅट आहे, कायम नोकरी आहे, कुणी उठवू शकत नाही, तरीही सोसायटीत जात कळू नये म्हणून जो नातेवाइकांना घरी येऊ देत नाही, त्याच्याशी माझं भांडण आहे. त्याला विचारायला हवं, तू सांगितलंस तर तुझं नेमकं काय जाईल? पण कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरीला हा प्रश्न विचारण्याआधी तिच्या खिशातली रक्कम आपल्याला माहीत असावी.

आता त्या पोराच्या बाजूने, कारण तो पूर्ण चुकीचा नव्हता.

अल्बर्टच्या खोलीत एका रात्रीसाठी ह्युबर्ट पेज नावाच्या रंगाऱ्याला झोपायला पाठवतात आणि अल्बर्टचं गुपित फुटतं. गंमत अशी की ह्युबर्टही बाईच आहे. नवरा दारू पिऊन मारायचा. तिने घर सोडलं, त्याचे कपडे आणि रंगकामाचं सामान घेतलं आणि त्याच धंद्यावर जगायला लागली. जॅनेट मॅकटीरने ही भूमिका अशी केलीय की ह्युबर्ट पडद्यावर आली की श्वास मोकळा होतो. वेष दोघींचाही तोच. पण ह्युबर्टच्या घरी कॅथलीन आहे, शिवणकाम करणारी. तिला सगळं माहीत आहे. दोघी संसार करतात, हसतात, जेवतात. अल्बर्टला कोणी नाही. इतकी वर्षं कोणीच नाही. ह्युबर्ट तिला खरं नाव विचारते तेव्हा ती ‘अल्बर्ट’ एवढंच सांगते. दुसरं नाव शिल्लकच राहिलेलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. जन्माने ज्यांना बाई ठरवलं गेलं पण जे पुरुष आहेत, त्यांचं पुरुष म्हणून जगणं हे वेषांतर नाही. त्यांच्यासाठी साडी हेच वेषांतर होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे आणि आंबेडकरी माणसाला तो समजायला अडचण पडू नये. जन्माने ठरवलेली ओळख नाकारणं हे आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला केलेलंच आहे. अल्बर्टच्या बाबतीत चित्रपट हा प्रश्न थोडा उघडा ठेवतो. समुद्रकिनारी ती आणि ह्युबर्ट बायकांचे झगे घालून चालतात आणि अल्बर्ट एकदम धावत सुटते, तो क्षण मी बाई म्हणून पाहिला. कोणी वेगळा पाहील. पण तिचा सूट भीतीने अंगावर चढला होता, एवढं कथा स्पष्ट सांगते.

आणि भीतीने चढलेल्या वेषाचा शेवटही कथा सांगते. अल्बर्ट हेलन नावाच्या तरुण मोलकरणीला लग्नाचं विचारायचं ठरवते. आपण कोण आहोत हे तिला लग्नाआधी सांगायचं की नंतर, याचा विचार करत राहते, सांगत मात्र नाही. हेलनचा प्रियकर जो हिंसक आहे. त्यांच्या भांडणात अल्बर्ट मध्ये पडते, डोकं भिंतीवर आपटतं आणि त्या रात्री ती आपल्या खाटेवर मरून जाते. साठवलेला पैसा मालकिणीच्या हाती लागतो आणि त्यातून हॉटेलची डागडुजी होते. दुकान राहिलं, गल्ला राहिला. आयुष्यभर एकटीने सोसलं आणि शेवटी सगळं त्याच मालकिणीच्या भिंतींना लागलं.

त्या पोराचा मुद्दा मी असा घेते: वेषांतराने एक माणूस आत शिरतो, दार मात्र तसंच राहतं. अल्बर्टनंतर त्या हॉटेलात येणाऱ्या मुलीला अल्बर्टच्या जगण्याचा काडीचा उपयोग नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतही हेच आहे. संग्रह १९६३ चा. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर गेलेला नायक जागेसाठी जात लपवतो, उघडा पडतो आणि मार खातो. त्याच ठिकाणी काशिनाथ आहे, जात न लपवणारा, अंगावर येणाऱ्याच्या अंगावर जाणारा. मार खाणाऱ्याला सोडवायला तोच येतो. आपण ही कथा भाषणात सांगतो तेव्हा काशिनाथचा ताठपणा सांगतो. मला त्यातलं दुसरं महत्त्वाचं वाटतं. लपणाऱ्याचं भांडं फुटलं तेव्हा ‘भोग आता’ म्हणून काशिनाथ बाजूला उभा राहिला नाही.

मग लपणं आणि ताठ उभं राहणं यांच्या मधला रस्ता कोणता? तो बाबासाहेबांनी महाडला दाखवला आहे.

कपडे हा आपल्याकडे जातीचा शिक्का होता. ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई लोकांची हकीकत दिली आहे. १९२८ साली सवर्णांनी त्यांना फर्मावलं की जरीच्या काठाची पगडी घालायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. म्हणजे दुरूनच ओळखू आलं पाहिजे, कोण आहे ते. त्याच्या काही दिवस आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब महाडला आपल्या आयाबायांशी बोलले. ज्या नेसणीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडा, इतर बायकांसारखं अंगभर नेसा, असं त्यांनी सांगितलं. आणि बायकांनी तिथेच नेसण बदललं, असं महाडच्या आठवणींत वाचायला मिळतं.

हे वेषांतर नव्हतं. आपण कोण हे लपवण्यासाठी कोणी साडी बदलली नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं की या महारांच्या बायका आहेत, आणि त्या आता घोट्यापर्यंत नेसणार आहेत. एकीने रात्री गुपचूप नेसली असती तर तिला मार पडला असता. शेकडो जणींनी दिवसाउजेडी नेसली तेव्हा तो हक्क झाला. बडोद्याच्या खोलीत एकटा माणूस होता. महाडला समाज होता. या दोन जागांमध्ये दहा वर्षं आहेत आणि त्या दहा वर्षांत बाबासाहेबांनी काय केलं तेही बघा. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. ज्याला खोली मिळाली नव्हती त्याने आपल्या पोरांना ‘लपू नका’ असं नुसतं भाषण दिलं नाही. आधी झोपायला जागा दिली.

म्हणून मला वाटतं, लपून जगणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी चळवळीने ह्युबर्ट व्हावं, काशिनाथ व्हावं. खरं सांगता येईल असं निदान एक घर त्यांच्या शहरात असावं. यशिका दत्त या पत्रकार तरुणीने वर्षानुवर्षं जात लपवली आणि जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेल्यावर ती जाहीर केली. पुढे २०१९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिला बोलतं कोणाच्या टोमण्याने केलं नाही. रोहितसाठी देशभर रस्त्यावर उतरलेली हजारो पोरं तिने पाहिली होती. बोलायची हिंमत आपल्यामागे कोणी आहे हे दिसल्यावर येते.

हे करायला मोठा निधी लागत नाही. आमच्या विहारात आम्ही पंचवीस जण दरमहा शंभर रुपये काढतो. शिकायला बाहेर जाणाऱ्या मुलीला खोलीच्या डिपॉझिटसाठी त्यातून बिनव्याजी रक्कम देतो, ती नोकरी लागल्यावर परत करते. शहरात आडनाव न विचारता खोली देणाऱ्या घरांची एक वही ठेवली आहे. त्यात आपलीच निवृत्त मंडळी जास्त आहेत, ज्यांची मुलं परदेशी आहेत आणि दोन खोल्या रिकाम्या आहेत. आजवर सात मुली त्या वहीवरून गेल्या. त्यातल्या एकीनेही फोटो कपाटात ठेवलेला नाही. त्यासाठी तिला कोणी बजावलं नव्हतं. गरजच पडली नाही.

येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीची बैठक तुमच्या वस्तीत होईल तेव्हा डीजेच्या आकड्याच्या खाली एक ओळ वाढवा: डिपॉझिट निधी. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी एखाद्या पोरीच्या बदललेल्या आडनावावर पोस्ट टाकली, तर त्याखाली एवढंच लिहा, ‘भाऊ, तुमच्या घरात एक खोली आहे का?’

जय भीम. जय सावित्री.